जागच्या सायकलीचे गुरुजी

व्यायाम शिकविणाऱ्याला कोणी शिकविले, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. शाळामास्तराला त्याची सनद विचारतात. डॉक्टराच्या भिंतीवरची पदवी रोगी खुर्चीत बसल्या बसल्या वाचून घेतो. वकिलाला तर सनदेवाचून कोर्टात उभेच राहता येत नाही. परंतु ज्याच्या एका हाकेसरशी पन्नाशीचा गृहस्थ आपल्या काळजाचे ठोके दुप्पट करून घेतो, त्या व्यायामशिक्षकाने आपली विद्या कोठे आणि किती दिवस अभ्यासली, ह्याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. त्याचे दंड पाहिले की आपली खात्री पटते.

ह्या प्रश्नाला आज नव्याने महत्त्व आले आहे ते एका साध्या यंत्रामुळे. हे यंत्र म्हणजे जागच्या जागी चालणारी सायकल. एका बंद दालनात अशा पंधरा-वीस सायकली ओळीने मांडलेल्या असतात; समोर शिक्षकाची सायकल असते. गाणे सुरू होते, शिक्षक ‘आता चढ आला’ म्हणतो, आणि सारे जण दांडीखालचा खटका फिरवून आपापले चाक जड करून घेतात. पाऊण तासाने सर्वांच्या अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असतात. प्रवास मात्र एका वितीचाही झालेला नसतो. इंग्रजीत ह्याला ‘इनडोअर सायकलिंग’ म्हणतात. एका कंपनीने नोंदविलेल्या नावावरून पुष्कळ जण ‘स्पिनिंग’ही म्हणतात. मुंबई-पुण्याच्या जिममध्ये ही गोष्ट केव्हाच रुळली, आणि आम्हां नागपूरकरांनाही ती आता अपरिचित नाही.

मी हे लिहितो आहे ते धंतोलीत बसून. ही वस्ती एके काळी बंगल्यांची आणि झाडांची म्हणून ओळखली जाई. आज ती रुग्णालयांची म्हणून ओळखली जाते. साऱ्या विदर्भातून आणि पलीकडे छिंदवाडा-बालाघाटकडूनही रोगी येथे येतात. त्यांतले कित्येक ‘आता नियमाने व्यायाम करा’ असा सल्ला घेऊन बाहेर पडतात. तो सल्ला पाळायचा तर ते कोणाच्या तरी हाताखाली जाणार. डॉक्टराच्या चिठ्ठीपासून त्या सायकलीच्या गादीपर्यंतचे जे अंतर आहे, ते सांभाळणारा मनुष्य म्हणजे हा सायकलवर्गाचा शिक्षक. म्हणून त्याच्या शिक्षणाची परंपरा काय आहे, हे पाहणे मला अगत्याचे वाटले. पाहू गेलो तो ध्यानात आले की, सायकल परदेशातून आली असली, तरी तिच्या शिक्षकापुढचा प्रश्न आपल्या मुलखात शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता आणि आपल्या लोकांनी तो आपल्या परीने सोडविलाही होता.

आपल्याकडची जुनी रीत आखाड्याची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नावारूपाला आणली. निजामाकडून आलेल्या मल्लांशी गाठ पडणार म्हणून त्यांनी वणीच्या सप्तशृंगीची आराधना केली आणि खांबावर खेळणाऱ्या वानराकडून ते डाव शिकले, असे परंपरा सांगते. कथेतला चमत्काराचा भाग सोडून दिला तरी त्या काळच्या शिक्षणपद्धतीचे चित्र त्यातून दिसतेच. वस्ताद एक, आणि त्याच्या हाताखाली मोजके चेले. कोणाची कंबर ताठ आहे, कोणाचा खांदा निसटतो, कोण उपाशी येतो, हे सारे वस्तादाला ठाऊक. चेला वर्षानुवर्षे माती तुडवी आणि मग एके दिवशी वस्ताद त्याला म्हणे, ‘आता तू ह्या पोरांना सांग.’ हीच त्याची सनद. तेथे प्रमाणपत्र नव्हते, पण उमेदवारी मात्र दीर्घ होती.

ही पद्धत मोडली ती संख्येमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी शाळा वाढल्या, राष्ट्रीय वृत्तीचे वारे वाहू लागले, आणि एकेका मैदानावर शे-दोनशे मुलांना एकाच वेळी व्यायाम देण्याची गरज पडली. शंभर मुलांच्या कमरा एका वस्तादाला हाताने सरळ करता येत नाहीत. त्या शब्दाने सराव्या लागतात. हे प्रथम नीट ओळखले ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या प्रोफेसर माणिकरावांनी. त्यांनी सांघिक व्यायामाची रचना बसविली आणि कवायतीच्या इंग्रजी हुकमांच्या जागी देशी भाषेतल्या आज्ञा आणल्या. वरवर पाहता ही भाषेची हौस वाटेल. वस्तुतः तो अध्यापनशास्त्रातला मोठा शोध होता. आज्ञेचे दोन भाग असतात. पहिला सावध करणारा, दुसरा कृती करविणारा. पहिला भाग किती आधी उच्चारावा, दोहोंत किती थांबावे, कोणता शब्द लांबवावा आणि कोणता तोडावा, ह्यावर शंभर जणांची हालचाल एकसारखी होणे अवलंबून असते. आज सायकलवर्गाच्या शिक्षकाला परदेशी कंपन्या ‘क्यूइंग’ म्हणून जे धडे देतात, ते ह्याहून निराळे नाहीत. चढ येणार असेल तर तो आठ ठोके आधी सांगा, एका वेळी एकच सूचना द्या, गाण्याच्या आवाजावर ओरडू नका. माणिकरावांना ह्यात नवे काही दिसले नसते.

ह्याच माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० ह्या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक तरुण शिकले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे क्ष-किरण आणि मापनयंत्रे लावून तपासले. गुरूने सांगितले म्हणून खरे, ही वृत्ती सोडून ‘मोजून पाहू’ ही वृत्ती व्यायामाच्या क्षेत्रात आणण्याचे श्रेय आपल्याकडे त्यांना द्यावे लागेल.

आणि अमरावती तर आमच्या अगदी शेजारची. नागपूरहून दीडशे किलोमीटरवर अंबादासपंत आणि अनंत ह्या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर प्रसिद्धीस आला. हुतात्मा राजगुरू काही काळ तेथे शिकावयास होते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी, मल्लखांब इत्यादी देशी खेळ करून दाखविले, हे पुष्कळांना ठाऊक असते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मंडळाने शिक्षकांसाठी चालविलेली उन्हाळी सुटीतली शिबिरे. गावोगावचे मास्तर वैदर्भीय उन्हाळ्यात तेथे येत, व्यायाम शिकत, शिकविण्याची रीत शिकत, आणि जूनमध्ये आपापल्या शाळांत परत जात. आखाड्यातून पहिलवान बाहेर पडतात. अमरावतीने त्याबरोबर शिक्षक बाहेर पाडले. पुढे तेथे पदवी महाविद्यालयही निघाले. मद्रासला वायएमसीएच्या संस्थेत हॅरी क्रो बक यांनी १९२० साली हेच काम आरंभिले होते, आणि मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणसंस्था उघडली. म्हणजे स्वातंत्र्य येण्यापूर्वीच आपल्याकडे एक गोष्ट मान्य झाली होती की, जो स्वतः उत्तम व्यायाम करतो त्याला तो शिकविता येतोच असे नाही, आणि म्हणून शिकविण्याची विद्या निराळी शिकविली पाहिजे.

आता यंत्राकडे वळू. ह्या सायकलीचे कूळ थेट १७९६ पर्यंत जाते. त्या वर्षी लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स नावाच्या गृहस्थाने ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाचे यंत्र काढले. त्यात पायांनी दाबायचे पाटे आणि हातांनी फिरवायचे दांडे होते, आणि ते होते सांधेदुखीने जखडलेल्यांसाठी. म्हणजे जागची सायकल मूळची रोग्याची. पुढे ती श्रीमंतांच्या करमणुकीची झाली. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावर व्यायामाचे दालन होते. त्यात किती अंतर काटले हे तबकडीवर दाखविणाऱ्या सायकली होत्या आणि टी. डब्ल्यू. मॅक्कॉली नावाचे शिक्षकही होते. जहाजाबरोबर तेही बुडाले.

त्यानंतर ही सायकल शास्त्रज्ञांच्या हाती पडली. डेन्मार्कच्या आउगुस्ट क्रोग यांनी १९१३ साली अशी सायकल बनविली की, तीवर बसलेला मनुष्य नेमके किती काम करतो हे मोजता यावे. क्रोग यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी. १९५४ साली स्वीडनच्या ऑस्ट्रांड आणि ऱ्यूमिंग ह्या जोडीने एक कोष्टक प्रसिद्ध केले. ठरावीक भार देऊन मिनिटे मोजून सायकल चालवायची, नाडी पाहायची, आणि त्यावरून मनुष्याच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती किती हे काढायचे. म्हणजे ह्या सायकलीचा जन्म रोग्यासाठी झाला आणि तिची वाढ प्रयोगशाळेत झाली. ती नाचगाण्याच्या दालनात आली ती सर्वांत शेवटी.

ते घडविले मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या जॉनी गोल्डबर्ग यांनी. ‘जॉनी जी’ हे त्यांचे लौकिक नाव. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची सायकलशर्यत आहे. तिच्या तयारीसाठी त्यांना रात्री-अपरात्री रस्त्यावर जावे लागे. एकदा मोटारीखाली येता येता ते वाचले, तेव्हा त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये जड चाकाची जागची सायकल बनवून सराव सुरू केला. पुढे भोवती शिष्य जमले, वर्ग निघाले. १९९० नंतरच्या दशकात मॅड डॉग नावाची कंपनी आणि श्विन ह्या जुन्या सायकल-कारखान्याची साथ मिळून ही पद्धत जगभर पसरली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, कंपनीने नुसत्या सायकली विकल्या नाहीत. त्यांच्याबरोबर शिक्षकांचा अभ्यासक्रमही विकला. आपल्या पद्धतीचा वर्ग घ्यायचा तर आपले प्रमाणपत्र हवे आणि ते टिकवायचे तर पुढेही शिकत राहायला हवे, असा दंडक घातला. न्यूझीलंडच्या लेस मिल्स घराण्याच्या संस्थेने दुसरी रीत काढली. तेथे दर तीन महिन्यांनी नवी गाणी आणि त्यांवर बसविलेला वर्ग जगभरच्या शिक्षकांकडे जातो. शिक्षकाने तो पाठ करायचा आणि घ्यायचा. आम्हां शाळामास्तरांना हा भेद चटकन कळेल. एकीकडे शिक्षकाने स्वतः पाठाची टाचणे काढायची. दुसरीकडे छापील गाइड हाती द्यायचे. गाइडामुळे वाईट शिक्षक सावरला जातो हे खरे. परंतु समोरच्या मुलाला आज काय होते आहे, ते गाइडात छापलेले नसते.

मग ह्या शिक्षकाला येते काय असायला हवे? पहिली गोष्ट म्हणजे सायकल बसविणे. सायकलीशेजारी उभे राहून गादी सुमारे कमरेच्या हाडाच्या उंचीला घ्यायची. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. गादी बोटभर चुकली तरी गुडघा महिनाभरात तक्रार करू लागतो. दुसरी गोष्ट, हे चाक जड असते आणि पायडलांशी जखडलेले असते. रस्त्यावरच्या सायकलीसारखे पाय थांबवून ते मोकळे सोडता येत नाही. थांबायचे तर खटका दाबायचा, हे नवख्याला पहिल्या मिनिटात सांगावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे नाडी, आणि येथे शिक्षण एकदा घेऊन का भागत नाही, ते स्पष्ट दिसते. काळजाच्या ठोक्यांची कमाल संख्या काढण्यासाठी २२० मधून वय वजा करावे, हे सूत्र १९७१ च्या सुमारास रूढ झाले आणि आजही ते कित्येक जिमच्या भिंतींवर लागलेले आहे. २००१ साली तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ माणसांवरची मोजमापे एकत्र करून दाखविले की, वयाची सात-दशांश पट २०८ मधून वजा करणे अधिक बरोबर. चाळिशीच्या माणसाला दोन्ही सूत्रे १८० च देतात. साठीच्या माणसाला मात्र जुने सूत्र १६० देते आणि नवे १६६. विशीच्या मुलाला जुने २०० आणि नवे १९४. शिवाय दोन्ही सरासरीची सूत्रे. प्रत्यक्ष माणसात दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो. आणि ज्याला रक्तदाबासाठी वा हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या चालू आहेत, त्याची नाडी इतरांइतकी वाढत नाही. त्याच्यापुढे ‘१५० पर्यंत न्या’ म्हणणारा शिक्षक त्याला संकटात लोटतो. अशा वेळी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी सुचविलेली रीत कामी येते. किती दम लागला आहे, हे ६ ते २० च्या मापावर माणसालाच विचारायचे. हे सारे दोन दिवसांच्या वर्गात एकदा ऐकून जन्मभर पुरणारे नाही.

ही काळजी कल्पनेतली नव्हे. अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली काही डॉक्टरांनी सायकलवर्गानंतर रुग्णालयात दाखल झालेल्या माणसांची हकीकत प्रसिद्ध केली. ती वर्गात नवखी होती. अतिश्रमाने मांड्यांचे स्नायू फुटतात, त्यांतले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर जाऊन बसते. मांड्या सुजतात, लघवी काळपट तांबडी होते. वेळीच उपचार झाला नाही तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सायकलीवर अंगाचा भार गादीवर असतो, म्हणून नवखा मनुष्य धावताना कोसळला असता त्याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. भोवती गाणे असते, शेजारी दुसरा पाय मारीत असतो, समोर शिक्षक ‘आणखी, आणखी’ म्हणत असतो. त्या क्षणी शिक्षकाला कोणी काय शिकविले आहे, ह्यावर सर्व काही अवलंबून असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. बंद दालनात हवा खेळती नसेल, तर हा धोका अधिकच.

आता आपल्याकडची आजची स्थिती. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे तर पदवीनंतर बी.पी.एड. लागते, आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आहे. त्यात शरीररचना आहे, शरीरक्रिया आहे, अध्यापनाचे पाठ आहेत. उलट, सायकलवर्गाच्या शिक्षकाचा पायाभूत अभ्यासक्रम बहुधा एका-दोन दिवसांत आटोपतो. केंद्र शासनाच्या कौशल्यविकासाच्या योजनेत क्रीडा आणि तंदुरुस्तीच्या क्षेत्रासाठी एक कौशल्य परिषद आहे आणि तिने फिटनेस ट्रेनरच्या कामाची मानकेही ठरविली आहेत; पण जिममध्ये शिकविण्यासाठी डॉक्टर-वकिलांसारखी सनद कायद्याने लागत नाही. मग होते असे की, दोन वर्षे शिकलेला बी.पी.एड. तरुण नोकरीची वाट पाहत बसतो आणि दोन दिवस शिकलेला तरुण वीस काळजांचा कारभार पाहतो. दोघांवरही हा अन्यायच. दुसऱ्यावर अधिक, कारण काही अघटित घडले तर दोष त्याच्या माथी येणार, आणि त्याला कोणी पुरेसे शिकविलेच नव्हते, हे कोणी विचारणार नाही.

त्यात २०२० च्या टाळेबंदीने आणखी एक वळण दिले. पेलोटनसारख्या कंपन्यांनी शिक्षकाला पडद्यावर आणले होतेच. त्या काळात तीच रीत घरोघर गेली. आता एक शिक्षक हजारोंना शिकवितो आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा त्याला दिसत नाही. वस्तादाला चेला उपाशी आहे की काय, हे कळत असे. माणिकरावांना निदान मैदानावरची रांग दिसे. पडद्यावरच्या शिक्षकाला फक्त आकडे दिसतात.

ह्या सगळ्यात आपल्या बाजूला काहीच नाही, असे मात्र नव्हे. ज्या शर्यतीच्या तयारीतून ही सायकल जन्मली, ती ‘रेस अक्रॉस अमेरिका’ २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन ह्या डॉक्टर बंधूंनी दोघांच्या गटात पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि त्यांच्यामागोमाग आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. ह्या चौघांपैकी निदान तिघे डॉक्टर आहेत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. वैद्यक जाणणारा आणि सायकल जाणणारा मनुष्य एकच असू शकतो, हे आपल्या प्रांताने दाखवून दिले आहे.

मग करावे काय? नवी संस्था काढा, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे संस्था पुष्कळ आहेत. अमरावतीच्या उन्हाळी शिबिरांचा धडा एवढाच की, शिकविणाऱ्याला दर वर्षी काही दिवस विद्यार्थी व्हावे लागते. नागपुरात शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये आहेत, त्यांच्या प्रयोगशाळा सुटीत रिकाम्या असतात. धंतोलीत हृदयरोगाचे डॉक्टर आहेत. जिममध्ये सायकली आहेत आणि शिकण्याची इच्छा असलेली पोरे आहेत. ह्या तिघांनी वर्षातून पंधरा दिवस एकत्र बसावे. डॉक्टरांनी गोळ्या आणि नाडी समजावून द्यावी, प्राध्यापकांनी अध्यापन शिकवावे, आणि सायकलवाल्यांनी त्या दोघांना सायकलीवर बसवून घाम काढावा. ज्यांना ह्यात वेळ फुकट जाईल असे वाटते, त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणात सहीपुरते हजर राहून चहा पिऊन परतणारे आम्ही मास्तर आठवावेत; तसले प्रशिक्षण नकोच. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एका अनोळखी, साठीच्या, गोळ्या घेणाऱ्या माणसाचा वर्ग प्रत्यक्ष घेऊन दाखवावा. दाखविता आला नाही, तर पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा यावे.

आणि वर्ग लावायला जाणाऱ्या वाचकाला माझी एवढीच सूचना आहे. सायकल कोणत्या कंपनीची, हे विचारण्याआधी शिक्षकाला विचारावे, ‘गुरुजी, आपण अलीकडे केव्हा शिकलात?’ जो ह्या प्रश्नाने रागावेल, त्याच्याकडे जाऊ नये. जो हसून तारीख सांगेल, आणि उलट आपल्यालाच कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारील, त्याच्या समोरच्या रांगेत खुशाल बसावे.